तीन राउटर, एकच शोकेस

प्रश्न : अकोल्याहून एका भगिनीने लिहिलं आहे. त्या पुण्यातल्या कंपनीसाठी घरून काम करतात. अमेरिकेतल्या क्लायंटबरोबरचे कॉल संध्याकाळी सात ते दहा या वेळात असतात आणि नेमकं तेव्हाच नेट दगा देतं. आवाज तुटतो, चेहरे गोठतात, कधी राउटर आपला आपण बंद होऊन सुरू होतो. चार वर्षांत हा तिसरा राउटर. पहिला नेटवाल्याने दिलेला, दुसरा ऑनलाइन मागवलेला, तिसरा दुकानदाराने 'चार अँटेनावाला आहे, चिंताच नको' म्हणून दिलेला. मधल्या काळात प्लॅनही ५० वरून १५० एमबीपीएसवर नेला. तिन्ही राउटर खालच्या मजल्यावर टीव्हीच्या शोकेसमध्येच राहिले, सेट टॉप बॉक्सच्या शेजारी, कूलरच्या खिडकीला लागून. बाईंचं टेबल वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत आहे. यजमान म्हणतात, १८ हजारांचा मेश सेट (मिळून एकच वायफाय घरभर पसरवणारे डबे) घेऊन टाकू. नेटवाला म्हणतो, 'मॅडम, आमच्याकडून सगळं ओके आहे, तुमचा राउटरच बेकार.' सासरे रोज रात्री बटण बंद करतात, कारण त्यांच्या मते राउटरच्या लहरी बाधतात आणि बिलही येतं. "सगळेच राउटर असे असतात का? एकदाचं नाव सांगा, तोच घेते. आणि मामाजींना काय सांगू?"

उत्तर : ताई, नाव सांगणं सोपं आहे, पण ते ऐकून तुम्ही चौथा राउटर आणाल आणि त्याच शोकेसमध्ये ठेवाल. तीन वेगवेगळे राउटर एकाच जागी एकाच तऱ्हेने आजारी पडत असतील, तर आधी जागेकडे बघावं. तुम्ही तिन्ही वेळा डबा बदललात. जागा, बोर्ड, पिन, वायर यांतलं काहीच बदललं नाही.

राउटरच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात बारीक अक्षरात एक आकडा असतो. तो कोणी वाचत नाही. घरगुती राउटर बहुतेक ० ते ४० अंश सेल्सिअस तापमानात चालावेत असे बनवलेले असतात. अकोल्याचा मे महिना मी तुम्हाला सांगायला नको. बाहेर ४४ असतात, घरात कूलर असला तरी शोकेसच्या काचेआड, मागून हवा न फिरणाऱ्या कप्प्यात, शेजारी दिवसभर तापलेला सेट टॉप बॉक्स. हात घालून बघा, तिथलं लाकूडसुद्धा गरम लागेल. राउटरच्या आत एक छोटा प्रोसेसर असतो. तो तापला की अडखळतो आणि फारच तापला की रीस्टार्ट होतो. संध्याकाळी ऊन उतरलं तरी दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि त्याच वेळी तुमच्या घरात टीव्ही, मुलांचे मोबाइल आणि तुमचा कॉल हे सगळं एकदम सुरू होतं.

त्यातून शेजारी कूलर. पत्र्याचं अंग आणि आत पाण्याची टाकी. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. त्या बाजूच्या खोल्यांना रेंज कमी मिळत असेल तर नवल नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कूलरची मोटर आणि राउटरचा अडॅप्टर एकाच बोर्डावर आहेत का? मोटर सुरू होताना दिवा क्षणभर डिम होतो ना, तसाच झटका अडॅप्टरलाही बसतो. चांगला अडॅप्टर तो पचवतो, दमलेला पचवत नाही. अडॅप्टरमधले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. मग वरवर सगळं चालू दिसतं, पण राउटरला काम वाढलं की दाब पडतो आणि तो बंद होऊन सुरू होतो. माझ्या मते 'राउटर खराब झाला' म्हणून फेकलेल्या डब्यांपैकी बऱ्याच डब्यांचा फक्त अडॅप्टर खराब असतो. त्यावर लिहिलेलं बघा, १२ व्होल्ट १ अँपिअर असं काहीसं असेल. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, पिनही तीच बसायला हवी. दीड-दोनशे रुपयांत हा प्रयोग होतो. तो १८ हजारांच्या आधी करावा.

एक गोष्ट पत्रात नाही आणि तीच मला विचारायची आहे. दिवाळी ते होळी या काळातही हाच त्रास होता का? कूलर माळ्यावर गेला, थंडी पडली, तेव्हा कॉल नीट झाले असतील तर अर्धं उत्तर तुमच्या हातात आलं. तेव्हाही असंच होत असेल तर उष्णता हा गुन्हेगार नाही, फार तर साथीदार असेल.

'संध्याकाळीच' या शब्दावरही थोडं थांबू या. दिवसा तुम्ही मेल लिहिता, फाइली उघडता. तेव्हा नेट दोन सेकंद गेलं तरी कळतच नाही, पान जरा उशिरा उघडतं एवढंच. कॉलमध्ये तेच दोन सेकंद चारचौघांसमोर दिसतात. त्यामुळे नेट दिवसभरच अडखळत असेल आणि तुम्हाला ते फक्त संध्याकाळी कळत असेल, असंही असू शकतं. म्हणून आधी मोजा.

मोजायला काही विकत आणायचं नाही. लॅपटॉप घ्या, त्यावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग, मग तुमच्या राउटरचा पत्ता, मग हायफन टी. पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी. दुसरीत पिंग, ८.८.८.८, हायफन टी. हा गूगलच्या सर्व्हरचा पत्ता आहे. (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे : ping 8.8.8.8 -t.) पहिली खिडकी लॅपटॉप ते राउटर एवढाच रस्ता बघते, दुसरी थेट बाहेरच्या जगापर्यंतचा. दोन्हींत दर सेकंदाला एक ओळ येत राहील. कॉल चालू असताना त्या तशाच चालू द्या. आवाज तुटला की लगेच दोन्हींकडे बघा.

दोन्ही एकदम अडकल्या, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं किंवा एरवी ३-४ मिलिसेकंद दिसणारा आकडा एकदम ४००-५०० झाला, तर गडबड घराच्या आत आहे. राउटरची खिडकी शांत आहे आणि फक्त ८.८.८.८ वाली अडकते, तर गडबड बहुधा बाहेर आहे. मग जगातला कुठलाही राउटर आणा, काही होणार नाही. ही परीक्षा एकदा वरच्या खोलीत वायफायवर करा आणि एकदा खाली राउटरला लॅनची वायर लावून. वायरवर सगळं सुरळीत आणि वायफायवर तुटतं, तर दोष हवेतल्या रस्त्याचा. वायरवर राउटरचीच खिडकी अडकते, तर मात्र तो डबा किंवा त्याचा अडॅप्टर नक्की आजारी आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये 'अपटाइम' नावाची ओळ असते, तीही बघून ठेवा. मामाजींनी सकाळी सहाला चालू केलेला राउटर संध्याकाळी साडेआठला 'अपटाइम १२ मिनिटं' दाखवत असेल, तर तो मधे पडून उठलाय.

आता तुमचा नेटवाला. 'आमच्याकडून ओके' हे त्याने मीटर लावून म्हटलं की खुर्चीत बसून? फायबरच्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, पॉन नावाचा दिवा स्थिर हिरवा हवा. लॉस नावाचा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोहोचत नाही. पण या दोन दिव्यांच्या मधलीही एक अवस्था असते. प्रकाश पोहोचतो, पण क्षीण. त्याच्या कामावरच्या मुलाकडे हा प्रकाश मोजणारं, हातात मावणारं पॉवर मीटर असतं, ते लावायला सांगा आणि आकडा स्वतः बघा. तो उणे असतो, म्हणजे -१८ हा -२६ पेक्षा चांगला. -२० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. -२७ च्या पलीकडे गेला की बरेचसे डबे अडखळायला लागतात. दर ३ अंकांनी प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे हा फरक दिसतो तेवढा लहान नाही. शोकेसमागे ती पिवळी बारीक वायर कोपऱ्यात करकचून मुडपलेली असेल किंवा त्यावर टीव्हीचं वजन येत असेल, तर तेवढ्यानेही प्रकाश गळतो. फायबर मोठ्या गोल वळणातच ठेवायची.

आकडा चांगला आहे, तरी बाहेरचं पिंग रोज आठ ते दहाच अडकतं, असं दिसलं तर नेटवाल्याने एका लाइनवर गरजेपेक्षा जास्त घरं जोडली आहेत असा संशय घ्यायला हरकत नाही. अशा वेळी भांडू नका. तारीख, वेळ आणि त्या खिडकीचा फोटो लावून लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. तोंडी तक्रारीला अस्तित्व नसतं. कंपनीच्या तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दूरसंचार नियामक 'ट्राय'च्या २०१२ च्या नियमांनी ही दोन पायऱ्यांची सोय करून ठेवली आहे. आणि गल्लीत दुसरा नेटवाला असेल तर एक महिन्याचा प्लॅन घेऊन बघणं हे कुठल्याही राउटरपेक्षा स्वस्त पडतं.

पण तुमच्या बाबतीत मला वाटतं, निदान अर्धं दुखणं हवेतल्या रस्त्याचं निघेल. खालची शोकेस आणि वरची मागची खोली यांच्यात सळयांनी भरलेला स्लॅब आहे आणि बहुधा एक-दोन नऊ इंची भिंती. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतीतून बऱ्यापैकी जाते, पण तिच्यावर गर्दी फार. शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच. ५ गिगाहर्ट्झची पट्टी मोकळी आणि वेगवान, पण स्लॅबपुढे हात टेकते. बहुतेक राउटर दोन्हींना एकच नाव देतात आणि तुमचा लॅपटॉप कधी इकडे कधी तिकडे उड्या मारतो. प्रत्येक उडीला कॉल अडखळतो. सेटिंगमध्ये 'स्मार्ट कनेक्ट' बंद करून दोन्हींना वेगळी नावं द्या आणि लॅपटॉपला एकाच पट्टीवर ठेवा. २.४ वर राहायचं असेल तर त्या पट्टीतल्या चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा निवडा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मोबाइलवर फुकट मिळणारं वायफाय अॅनालायझर हे दोन्ही दाखवतं. त्यात टेबलापाशी सिग्नल -६५ च्या आसपास दिसला तर कॉल चालतील. -७५ च्या पुढे असेल तर रडगाणं चालूच राहणार, राउटर कितीचाही असो.

राउटर शोकेसमधून बाहेर काढून जिन्याजवळ, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर लावा. जिन्याच्या पोकळीत स्लॅब नसतो, लहरींना वर जायला तोच दरवाजा. बैठकीच्या भिंतीवर डबा दिसेल आणि कुणीतरी 'शोभा गेली' म्हणेल, तेवढं ऐकून घ्या.

पक्कं उत्तर मात्र वायरचं आहे. खालून वरच्या तुमच्या टेबलापर्यंत लॅनची वायर ओढून घ्या. इलेक्ट्रिशियन भिंतीवरच्या प्लास्टिकच्या पट्टीतून अर्ध्या दिवसात ओढून देतो. कॅट ६ मागा आणि वायर पूर्ण तांब्याची आहे का ते विचारा, कारण अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायरही त्याच नावाने खपवली जाते आणि ती लवकर तुटते. ही वायर थेट लॅपटॉपला लागली की तुमचा कॉल हवेच्या भरवशावर राहत नाही. आणि कपाटावर पडलेल्या त्या दोन 'बेकार' राउटरपैकी एक काढा, वर त्याच वायरला लावा. सेटिंगमध्ये अॅक्सेस पॉइंट मोड (म्हणजे डब्याने फक्त वायफाय पसरवायचं) असेल तर तो चालू करा. नसेल तर त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्या, त्यातलं डीएचसीपी, म्हणजे घरातल्या उपकरणांना पत्ते वाटण्याचं काम, बंद करा आणि वायर लॅनच्याच भोकात खोचा. वरच्या मजल्याला स्वतःचं वायफाय मिळालं. तो जुना डबा तिथे महिनाभर न कुरकुरता चालला, तर शोकेसवरचा आरोप सिद्ध झाला असं समजा.

यजमानांच्या मेशबद्दल. कल्पना वाईट नाही, पण मेशचे दोन डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर मधला स्लॅब त्यांनाही भेटणारच. मेश खरा खुलतो तो दोन्ही डब्यांमध्ये वायर असेल तेव्हा. आणि वायर ओढलीच तर जुन्या राउटरवरही तुमचं बरंचसं काम भागतं. मोठं घर असेल, फोनवर बोलत खाली-वर फिरायचं असेल, तर घ्या. स्वस्तातला रिपीटर (वायफाय झेलून तसंच पुढे पाठवणारा डबा) मात्र घेऊ नका. साध्या रिपीटरमध्ये वेग जवळपास निम्मा होतो आणि कॉलमधला उशीर वाढतो.

प्लॅन वाढवल्याने काही झालं नाही याचं तुम्हाला आश्चर्य वाटलंय. वाटू नये. व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात. कॉल तुटतो तो वेग कमी म्हणून नाही, वेग मधेच शून्य होतो म्हणून. स्पीड टेस्टमध्ये तुमचा आकडा कधीच ९५ च्या वर जात नसेल, तर एक शक्यता अशी की दुकानदाराच्या त्या चार अँटेनावाल्या राउटरला मागे १०० एमबीपीएसचीच भोकं आहेत. मग १५० चे पैसे तुम्ही फुकट भरताय. सात ते दहाच्या वेळात कुणाचा मोबाइल फोटोंचा बॅकअप तर वर चढवत नाही ना, हेही बघा. अपलोड भरलं की सगळ्यात आधी कॉल गुदमरतो.

एवढं करूनही वायर लावल्यावर राउटरचीच खिडकी अडकली, तर तो बदलायलाच हवा. घेताना मागची भोकं गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची, आहेत का बघा. वायफाय ६ घ्या. हे मानक २०१९ पासून आहे आणि आता तीन-चार हजारांत चांगला डबा मिळतो. वायफाय ७ च्या मागे लागायची तुम्हाला गरज नाही. खोक्यावरच्या १२००, ३००० या आकड्यांना भुलू नका. ती दोन्ही पट्ट्यांची कागदावरची बेरीज असते, कुठलंही एक उपकरण ती गाठत नाही. अँटेना मोजून राउटर निवडणं तर सोडूनच द्या. त्यापेक्षा कंपनीच्या साइटवर जाऊन त्या मॉडेलला शेवटचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, कधी आलं ते बघा. दोन-तीन वर्षांत काही आलं नसेल तर कंपनीने त्याला वाऱ्यावर सोडलंय. एकाच नावाच्या मॉडेलच्या आत वेगवेगळ्या आवृत्त्या असतात, स्टिकरवर बारीक व्ही२, व्ही३ लिहिलेलं असतं, आणि आतला माल बदललेला असतो. म्हणून मी नाव द्यायचं टाळते. मी सांगेन ते नाव आणि दुकानदार देईल तो डबा एकच असेल याची खात्री नाही. तीन वर्षांची वॉरंटी आणि अकोल्यात किंवा निदान नागपुरात सर्व्हिस सेंटर, एवढं मिळालं तर कंपनी कोणतीही चालेल. नवा राउटर नेटवाल्याच्या डब्यामागे लावताना तो डबा स्वतःच राउटरचंही काम करत नाही ना, हे विचारा. करत असेल तर त्याला ब्रिज मोडवर (म्हणजे नेट फक्त पुढे देण्यापुरतं) टाकायला सांगा, किंवा तुमचा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. एका घरात दोन कारभारी नकोत.

लाइन जाण्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण विदर्भात ती जातेच. इन्व्हर्टरवर जातानाच्या क्षणभराच्या खंडाने राउटर आणि ओएनटी दोन्ही रीस्टार्ट होत असतील तर हजार-दीड हजाराचा राउटरचा छोटा यूपीएस मिळतो. दोन्ही डबे त्यावर घ्या, फक्त व्होल्ट जुळवून.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. कोकणात जांभ्या दगडाच्या घरात किंवा जुन्या वाड्याच्या दीड-दोन फुटी भिंतींत राहणाऱ्यांनी हवेवर विसंबूच नये, सरळ वायर ओढावी. पुण्या-मुंबईच्या नव्या फ्लॅटमध्ये बिल्डर फायबरचं टोक बरेचदा दाराजवळच्या पत्र्याच्या डीबी बॉक्समध्ये, म्हणजे वायरिंगच्या पेटीत, आणून सोडतो आणि मग राउटरही तिथेच झाकणाआड कोंबला जातो. पत्र्याच्या पेटीतून वायफाय बाहेर कसं येणार? ओएनटी आत राहू दे, राउटर बाहेर काढा. भाड्याच्या घरात भोक पाडता येत नसेल तर दाराच्या फटीतून जाणारी चपटी लॅन वायर मिळते, ती चौकटीच्या कडेने चिकटवा.

राहिले मामाजी. रात्री राउटर बंद करण्याने तुमचा कॉल तुटत नाही, तेव्हा हा आरोप त्यांच्यावरून काढून घ्या. उलट रोजच्या रीस्टार्टने काही राउटर ताजेतवाने होतात. लहरींबद्दल ते विचारत असतील तर खरं तेवढं सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या सावध गटात ठेवलं हे खरं आहे, म्हणजे त्यांनी कुठेतरी वाचलेलं हवेतून आलेलं नाही. आणि त्याच संघटनेने २००६ मध्ये वायफायसारख्या क्षीण लहरींमुळे अपाय होतो असा खात्रीलायक पुरावा नाही, असंही म्हटलं आहे. राउटर जिन्यापाशी गेला की तो त्यांच्या उशापासून आपोआप लांब जातो, हा मुद्दा त्यांना जास्त पटेल. बिलाचं म्हणाल तर १० वॅटचा राउटर रात्रीचे ८ तास चालू राहिला तर महिन्याला अडीच युनिटही होत नाहीत. बिलावरचा दर घेऊन हा गुणाकार त्यांनाच करू द्या. तरीही त्यांना बंद करायचाच असेल तर करू द्या, फक्त दोन अटी घाला. तुमचा कॉल संपल्यावर, आणि कूलरच्या बोर्डाचं मेन बटण पाडून नाही, राउटरच्या स्वतःच्या बटणाने.